तो एमबीबीएस आहे का?

भावाने फोन उचलला तेव्हा कोल्हापुरात रात्रीचे दोन वाजून गेले होते. इकडे आफ्रिकेतल्या मालावीत साडेदहा. माझी सहा वर्षांची लेक सरकारी रुग्णालयाच्या खाटेवर तापाने फणफणली होती, मघाशी गाडीतच तिला झटका येऊन गेला होता. मी रडत रडत सगळं सांगितलं. भाऊ स्वतः एमडी. त्याने पहिलं विचारलं, "ताई, तिला बघतोय तो एमबीबीएस आहे का?"

नव्हता. तो क्लिनिकल ऑफिसर होता, म्हणजे डॉक्टरची पदवी नसलेला, पण उपचार करायचं शिक्षण घेतलेला माणूस.

आम्ही मालावीच्या दक्षिणेला, शिरे नदीच्या खोऱ्यात राहतो. नवरा उसाच्या सिंचनाचं काम बघतो. इथे साधारण नोव्हेंबरात पाऊस लागतो आणि पावसामागून मलेरिया येतो. चिचेवा भाषेत त्याला 'मलुंगो' म्हणतात. ब्लांटायरची मोठी रुग्णालयं पन्नासेक किलोमीटरवर, पण मधे घाट आहे. झटका आलेलं पोर मांडीवर घेऊन भर पावसात रात्रीचा घाट चढायची आमची छाती झाली नाही.

त्या माणसाने काय केलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. पोरीला उभं राहता येत नव्हतं, म्हणून आधी तिला कडेवर घेऊन मला काट्यावर उभं केलं, मग तिला नर्सकडे देऊन मला एकटीला. वजाबाकी कागदावर मांडली. अठरा किलो. वीस किलोच्या आतल्या मुलाला मलेरियावरचं आर्टेसुनेट किलोमागे तीन मिलिग्रॅम, म्हणजे चोपन्न. गणित त्याने मोठ्याने म्हटलं, नर्सने पुन्हा करून पाहिलं. कुपीतल्या पांढऱ्या भुकटीत सोबतचं द्रावण सोडून ती उजेडासमोर धरून हलवत राहिला, पार निवळेपर्यंत. रक्तातली साखर मोजायच्या पट्ट्या संपल्या होत्या. तेही त्याने लपवलं नाही. साखर उतरलीच आहे असं धरून त्याने शिरेतून ग्लुकोज दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अमायी, दुसरं इंजेक्शन बारा तासांनी, तिसरं चोवीस तासांनी. लघवी काळी दिसली तर मला लगेच उठवा. सकाळपर्यंत शुद्धीवर आली नाही तर मी तिला ब्लांटायरला पाठवणार." अमायी म्हणजे आई.

भाऊ फोनवर सगळं ऐकत होता. औषध कोणतं, किती, किती वाजता दिलं, एवढं त्याने विचारून घेतलं. मग म्हणाला, "त्याला करू दे. मीही हेच केलं असतं."

पहाटे लेकीने पाणी मागितलं.

हे सगळं आता लिहितेय, कारण महाराष्ट्रातला एक वाद आमच्या घरातही शिरला आहे. राज्याने २०१४ साली कायदा बदलून होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम, म्हणजे सीसीएमपी, करून ॲलोपॅथीची औषधं द्यायची मुभा दिली. २०२५ मध्ये त्यांची नोंद ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद ठेवणाऱ्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करायचं ठरलं तेव्हा वाद पेटला, सप्टेंबरात आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेने राज्यभर एक दिवसाचा संप केला. माझा भाऊ त्या संपात होता. नात्यातले दुसरे, गावाकडे राहणारे, विचारत होते की एमबीबीएस खेड्यात यायला तयार नाहीत, मग जो येतोय त्यालाही अडवायचं का? माझी लेक बरी झाल्यावर ही मंडळी मला म्हणाली, बघ, तुझ्याच पोरीला बिगर-एमबीबीएसने वाचवलं, आता तू तरी आमच्या बाजूने बोल.

मी त्यांच्या बाजूने नाही. आणि पूर्णपणे भावाच्याही नाही.

मालावीत पहिलं वैद्यकीय महाविद्यालय निघालं ते १९९१ साली, ब्लांटायरला. शिकलेल्या डॉक्टरांतलेही कित्येक परदेशी जातात. जिल्ह्याच्या ठिकाणचं रुग्णालय चालतं ते क्लिनिकल ऑफिसरांवर. सिझेरियनसुद्धा तेच करतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की जिल्हा पातळीवरच्या साध्या सिझेरियनपैकी दहातली नऊ त्यांच्या हातून झाली होती, आणि नंतरच्या प्रकृतीत डॉक्टरांच्या आणि त्यांच्या रुग्णांत फारसा फरक नव्हता. पण हा माणूस दुसरी एखादी पॅथी शिकून वर्षभरात इकडे वळलेला नसतो. तीन वर्षं तो याच कामाचं शिक्षण घेतो, मग एक वर्ष रुग्णालयात राबतो. काय करायचं हे जसं त्याला शिकवलेलं असतं, तसंच कुठे थांबायचं आणि कुणाकडे पाठवायचं हेही. भावाचा सीसीएमपीला विरोध आहे तो मला याच कारणाने पटतो. शरीराकडे बघायची रीतच निराळी असलेलं शास्त्र शिकलेल्या माणसाला वर्षभराचा जोड देऊन भागणार नाही, आणि त्या होमिओपॅथलाही हा न्याय नव्हे.

पण भाऊ पुढे म्हणतो की एमबीबीएसखेरीज कुणीच नको. तिथे माझं त्याच्याशी भांडण आहे. आपल्याकडेही अशी माणसं होती. आजोबा 'एलसीपीएस डॉक्टर' असं आदराने म्हणायचे, म्हणजे एमबीबीएसऐवजी लायसेन्शिएट ही पदविका घेतलेले. १९४०च्या दशकात देशातले निम्म्याहून जास्त नोंदणीकृत डॉक्टर असे लायसेन्शिएटच होते. आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने एकाच प्रकारचा डॉक्टर असावा असं सुचवलं आणि तो रस्ता बंद झाला. छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला, तोही विरोधामुळे फार टिकला नाही, पण त्यातून बाहेर पडलेली माणसं तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करू लागली. आणि गडचिरोली तर आपलीच. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळं तपासायला, जंतुसंसर्ग ओळखायला, गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. त्या ३९ गावांतले बालमृत्यू किती घटले ते १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगाने वाचलं. त्या बायकांना कुणी डॉक्टर म्हटलं नाही, त्यांनीही स्वतःला म्हणवून घेतलं नाही.

इथलं सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. पट्ट्या संपल्या होत्या. शेजारच्या खाटेवर दोन मुलं एकाला एक लागून झोपली होती. त्यातल्या एकाची आई त्याला चितेंजेत, म्हणजे इथल्या बायका कमरेला गुंडाळतात त्या कापडात, पाठीशी बांधून सायकलच्या मागे बसून आली होती, आम्हाला मात्र गाडी होती. तिच्या मुलालाही त्याच माणसाने तपासलं, तेच औषध दिलं, आणि सरकारी असल्याने तिथे पैसे तिलाही पडले नाहीत, मलाही नाहीत. ती बाहेरच्या छपरात न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, शिजवून आली आणि मलाही त्यातला घास दिला.

मालावीत प्रत्येक रुग्णाकडे 'हेल्थ पासपोर्ट' नावाची छोटी वही असते, ती रुग्णानेच सांभाळायची. लेकीच्या वहीतल्या त्या रात्रीच्या पानाचा फोटो मी भावाला पाठवला. वजन, औषध, वेळ, पुढच्या दोन इंजेक्शनांच्या वेळा, सगळं सुवाच्य. खाली सही आणि सहीखाली पूर्ण शब्दांत हुद्दा लिहिलेला, 'क्लिनिकल ऑफिसर'. भावाने तो फोटो त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांना दाखवला, असं वहिनी म्हणाली.