लॅपटॉपचं डावं बटण गेलं तर पूर्ण पामरेस्ट (मनगट टेकवायचा भाग) का बदलायचा?

टचपॅडचं डावं बटण नीट चालेनासं झालं की बहुतेक जण आधी जोरात दाबून बघतात, मग रीस्टार्ट करतात आणि शेवटी बाहेरचा माऊस जोडून कामाला लागतात. माऊस जरूर जोडा. पण बटण का गेलं हे बघितल्याशिवाय विषय सोडू नका, कारण त्यामागचं एक कारण धोक्याचं असू शकतं.

ते म्हणजे बॅटरी. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती टचपॅडच्या खाली किंवा अगदी लागून असते. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली, सतत तापत राहिली की आत वायू धरतो, ती फुगते आणि टचपॅडला खालून रेटते. बटण आधी कडक लागतं, मग दाबलंच जात नाही. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघा. डगमगतोय? टचपॅडची एखादी कड वर आलीय? झाकण पूर्वीसारखं मिटत नाही? मग चार्जर काढा, मशीन बंद करा आणि आधी बॅटरी बदलून घ्या. फुगलेली बॅटरी दाबून बसवायची नाही, टोचायची तर अजिबात नाही.

बॅटरी ठीक असेल तर टचपॅडवर बोटाने हलकेच टॅप करून बघा. टॅपने क्लिक होतंय, पण दाबून होत नाही, म्हणजे दोष बहुधा खालच्या स्विचमध्ये. टॅपचं सेटिंग चालू असूनही दोन्ही बंद असेल तर ड्रायव्हर (टचपॅड चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा आतली रिबन केबल (टचपॅड जोडणारी चपटी तार) तपासायची. पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) चालू करून तिथेही तोच त्रास होतोय का ते पाहिलं की विंडोजवरचा संशय फिटतो.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ज्या टचपॅडला वेगळी बटणं नसतात, त्यात बहुतेक वेळा खाली एकच स्विच असतो. क्लिक डावं की उजवं, हे बोट कुठे आहे त्यावरून सॉफ्टवेअर ठरवतं. त्यामुळे अशा टचपॅडवर फक्त उजवं क्लिक बंद पडलं तर स्क्रू काढायची घाई करू नका, आधी सेटिंग बघा.

स्विच हळूहळू मरतो. आत धातूची छोटी घुमटाकार चकती असते. दाबली की खालच्या संपर्काला टेकते, सोडली की परत उसळते. टेकताना ती काही मिलिसेकंद थरथरते आणि ती थरथर एकच क्लिक म्हणून धरली जाते. चकती थकली, संपर्क झिजला की थरथर लांबते आणि एका क्लिकचे दोन होतात. फाइल निवडायला जावं तर ती उघडते. ड्रॅग करताना संपर्क मध्येच सुटतो आणि फोल्डर भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडतो. महत्त्वाच्या कागदपत्रांचं असं झालं की जीव किती कासावीस होतो, हे मी अनुभवलंय.

माझा राग पुढच्या गोष्टीवर आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये मला सांगितलं, स्विच सुटा मिळत नाही, पूर्ण पामरेस्ट बदलावा लागेल, कीबोर्डसकट. नखाएवढ्या भागासाठी! डावं बटण हा लॅपटॉपचा सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या भागांपैकी एक आहे. तो झिजणार हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. मग तो चार स्क्रू काढून बदलता यायलाच हवा. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉप विकताना दुरुस्ती किती सोपी आहे याचे १० पैकी गुण दाखवावे लागतात आणि त्यात सुट्या भागांची किंमतही धरली जाते. हे सगळीकडे व्हायला पाहिजे.

यावर 'मग टॅप वापरा ना' हे उत्तर मला पटत नाही. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्याकडून नको तिथे टॅप होतो. त्यांना दाबल्याचं कळणारं, ठाम बटणच लागतं.

दुरुस्ती होईपर्यंत विंडोजवर डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा, माऊस कीज (कीबोर्डवरून माऊस चालवायची सोय) चालू करायची विचारणा येईल. मग नंबर पॅडवरचा ५ म्हणजे क्लिक, अधिकचं चिन्ह म्हणजे डबल क्लिक, ० ने ड्रॅग धरायचं आणि टिंबाने सोडायचं. नंबर पॅड नसेल तर टॅब, स्पेस आणि एंटरवर बरंच निभतं, आणि उजव्या क्लिकचा मेनू शिफ्ट व एफ१० दाबून उघडतो.

नवीन लॅपटॉप घेताना प्रोसेसर आणि रॅमच्या जोडीने दुकानदाराला एवढं विचाराच: टचपॅड सुटा मिळतो का, आणि तो बदलायची पद्धत कंपनीने सगळ्यांसाठी खुली ठेवलीय का?