समुद्राची पट्टी

मराठवाड्यालाही बंदर आहे. जालन्याजवळ, दरेगावला. त्याचं नाव ड्राय पोर्ट. म्हणजे बंदर मिळालं, पाण्याचं तेवढं तुमचं तुम्ही बघा. 2016 साली लातूरला पाणी आलं तेही मिरजेहून रेल्वेत बसून. अशा मुलखातला माणूस ‘सिंगापूर क्रूझ, 4 रात्री, फक्त 40,000’ हे वाचून ट्रॅव्हल एजंटाच्या एसी ऑफिसात शिरतो, तेव्हा ह्याला समुद्रातलं काही कळत नाही हे एजंट दारातच ओळखतो. पण ज्याला मोंढ्यातली पट्टी, म्हणजे धान्यबाजारातली हिशोबाची चिठ्ठी, वाचता येते त्याला जगातलं कुठलंही बिल वाचता येतं, हे मात्र एजंटाच्या लक्षात येत नाही. फरक एवढाच, की सोयाबीनच्या पट्टीत पैसे वजा होत जातात आणि क्रूझच्या पट्टीत अधिक. बाकी आडत (दलाली), हमाली, तोलाई (वजनाचे पैसे), कडता (वजनातली कपात) सगळं जागच्या जागी आहे. नावं तेवढी इंग्रजी.

सुरुवात ‘फक्त’पासून. मराठी भाषेत ह्या शब्दाइतका महाग शब्द नसेल. 40,000 च्या डोक्यावर एक बारीक चांदणी असते. तिचा अर्थ पान उलटल्यावर तळाशी मुंगीच्या अक्षरात: हे भाडं माणशी आहे, आणि एका केबिनमध्ये दोघं राहणार असं धरून आहे. एकट्यानं जायचं म्हटलं तर दुसऱ्या रिकाम्या गादीचंही भाडं द्यावं लागतं. बऱ्याच कंपन्या भाड्याच्या 200 टक्क्यांपर्यंत घेतात. बंदराचे कर मात्र एकाच माणसाचे, कारण न आलेला माणूस बंदरावर उतरत नाही. एजंटाच्या एक्सेल शीटमध्ये कधीकधी तोही उतरतो. तिथं बोट ठेवायचं.

आता हमाली. तिला ‘टॅक्सेस, फीज अँड पोर्ट एक्स्पेन्सेस’ म्हणतात. जहाज धक्क्याला लागलं की धक्क्याचं भाडं, वाट दाखवायला येणाऱ्या पायलटचे पैसे, ओढून लावणाऱ्या टगबोटीचे पैसे, कचरा उचलायचे, सुरक्षेचे, इमिग्रेशनचे, आणि वर त्या देशाचा माणशी कर. ह्या सगळ्याची बेरीज करून ती डोक्यांवर वाटतात. म्हणून ही रक्कम रात्रींवर नव्हे, बंदरांवर ठरते. एकच बंदर घेणारी 4 रात्रींची सफर आणि तीन बंदरं घेणारी 4 रात्रींची सफर, दोन्हींचं भाडं सारखं दिसलं तरी ही ओळ वेगळी येणार. (जहाजावर समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र असतं, असं कळल्यावर आमचा माणूस पोर्ट चार्जेस विसरून त्या यंत्राचाच भाव विचारायला लागतो. त्याला वेळीच मुद्द्यावर आणावं.)

बंदरंही आता हुशार झालीत. ग्रीसनं जुलै 2025 पासून क्रूझनं येणाऱ्यांवर कर बसवला. गर्दीच्या हंगामात सँटोरिनी किंवा मिकोनोसला उतरायचे माणशी 20 युरो. नुसतं उतरायचे! सेल्फीचे वेगळे नाहीत, एवढीच काय ती कृपा. असला कर बुकिंगनंतर लागू झाला, तर तो प्रवाशाकडून नंतर घ्यायचा हक्क कंपनीनं करारात राखून ठेवलेला असतो. इंधन महागलं तर अधिभार लावायचाही. म्हणजे पट्टी झाल्यावरही भाव बदलू शकतो. हे फक्त आपल्याच बाजारात होतं, असा एक गैरसमज आपल्याकडं आहे.

आणि ‘कर’ म्हटलं की सगळे पैसे सरकारलाच जातात असंही नाही. 1990 च्या दशकात अमेरिकेत ह्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. कंपन्या भाडं कमी दाखवून स्वतःचाच खर्च ‘पोर्ट चार्जेस’ मध्ये ढकलत होत्या. 1997 साली फ्लोरिडात तडजोड झाली, की जाहिरातीतल्या भाड्याबाहेर ठेवायची ती खरोखर सरकारला जाणारीच रक्कम. पुढं जुलै 2024 पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं सरकारी कर सोडून बाकी सक्तीचं सगळं मिळून आकडा जाहिरातीतच दाखवायची सक्ती केली. आपल्याकडं अजून चांदणी चमकते आहे.

आता आडत. एजंटाला कंपनीकडून कमिशन मिळतं, साधारण 10 ते 16 टक्के, आणि ते फक्त मूळ भाड्यावर. करांवर नाही. एवढंच नाही, भाड्यातलाही एक तुकडा कंपनी बाजूला काढते आणि त्यावर एजंटाला दमडी देत नाही. धंद्यात त्याला एनसीएफ म्हणतात. ह्या तुकड्याचा गोंधळ असा, की तो ना धड भाडं, ना धड कर. काही एजंट कोटेशनमध्ये तो ‘टॅक्सेस’ च्या ओळीत टाकतात. मुद्दाम टाकतात असं मी म्हणणार नाही. एक्सेलमध्ये रकाने कमी असतात. पण मग करांचा आकडा फुगतो, आणि रद्द करताना ह्याच ओळीवरून भांडण होतं. त्यावर उपाय एकच: एजंटाची शीट बाजूला ठेवून क्रूझ कंपनीचं स्वतःचं बुकिंग कन्फर्मेशन मागायचं. त्यात भाडं, कर आणि ग्रॅच्युइटी वेगवेगळ्या ओळींत असतात.

“भाऊ, कंपनीचा कागद दाखवा की.”

“काका, तो इंग्लिशमध्ये असतो.”

“असू द्या. आकडे तर आपलेच असतात ना?”

ग्रॅच्युइटी म्हणजे टीप, पण हॉटेलातल्यासारखी बडीशेपेखाली ठेवायची नाही. दर माणशी, दर दिवशी, बहुतेक मोठ्या जहाजांवर साधारण 16 ते 20 डॉलर. आधी भरली तर पॅकेजमध्ये, नाहीतर जहाजावरच्या खात्याला रोज आपोआप चढते. ‘मुलांना फ्री’ ही जाहिरात वाचून दोन पोरं वाढवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, की फ्री असतं ते भाडं. पोरांचे बंदर-कर पूर्ण, आणि ग्रॅच्युइटीही बहुतेक ठिकाणी पूर्ण. ज्या पोरानं अख्ख्या प्रवासात कुठल्याही वेटरला ‘थँक्यू’ म्हटलेलं नाही, त्याचीसुद्धा.

आता ज्या दोन ओळींवर आवाज चढतो त्या. जीएसटी आणि टीसीएस.

एजंटानं सगळं पॅकेज म्हणून स्वतःच्या बिलावर विकलं, तर पूर्ण रकमेवर 5 टक्के जीएसटी. त्यानं फक्त मध्यस्थी करून आपलं सेवाशुल्क लावलं, तर त्या शुल्कावर 18 टक्के. दोन्ही एकाच बिलात एकाच पैशांवर लागलेले दिसले, की घसा साफ करायचा.

टीसीएस हा कर नाहीच, हे लोकांना पटवणं अवघड जातं. ते तुमच्याच आयकराचे आगाऊ घेतलेले पैसे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर एजंटानं ते घेऊन सरकारजमा करायचे असतात. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझला ते लागत नाहीत. हे प्रकरण ऑक्टोबर 2020 मध्ये 5 टक्क्यांनी सुरू झालं. ऑक्टोबर 2023 पासून 7 लाखांच्या वर 20 टक्के झालं, एप्रिल 2025 पासून ती मर्यादा 10 लाखांवर गेली, आणि 2026 च्या अर्थसंकल्पात दर सरसकट 2 टक्क्यांवर आला. इतक्या वेळा तर कापसाचाही भाव फिरत नाही. जो दर लागेल तो ज्याच्या पॅनवर जमा होतो, त्याच्याच आयकर खात्याकडच्या उताऱ्यात दिसतो आणि त्यालाच रिटर्न भरताना वळता होतो. इथंच आपल्याकडं गंमत होते. सहल मुलगा काढतो, पॅन वडिलांचं देतो, आणि वडील रिटर्नच भरत नाहीत. मग ते पैसे सरकारकडं सुखानं नांदतात. पॅन कुणाचं द्यायचं ते बुकिंगच्या आधी घरात ठरवा, आणि एजंटाकडून टीसीएस भरल्याचं प्रमाणपत्र मागून ठेवा. ते मागितलं की काही ऑफिसांत एकदम शांतता पसरते.

नवरा-बायकोची एक पट्टी मांडून बघू. आकडे उदाहरणापुरते. भाडं 40,000 प्रमाणे दोघांचं 80,000. बंदर आणि कर 11,000 प्रमाणे 22,000. ग्रॅच्युइटी 16 डॉलर, दोघं, 4 रात्री, म्हणजे 128 डॉलर. एजंटाचा डॉलर 90 चा धरला तर 11,520. झाले 1,13,520. त्यावर 5 टक्के जीएसटी 5,676, म्हणजे 1,19,196. टीसीएस 2 टक्के, तो एजंट बहुधा जीएसटीसकट रकमेवर लावतात, 2,384. एकूण 1,21,580. क्रेडिट कार्ड पुढं केलं की 2 टक्के ‘कन्व्हिनियन्स’, आणखी 2,432. कुणाची सोय, ते विचारायचं नाही. 80,000 ची सहल 1,24,012 ला पडली. ग्रॅच्युइटी जहाजावर भरली असती तर तिच्यावरचा जीएसटी तरी वाचला असता.

‘एजंटाचा डॉलर’ हीसुद्धा एक स्वतंत्र जात आहे. बातम्यांत डॉलर 88 चा असेल तर त्याच्याकडं तो 90 चा असतो. बँकेलाही तो महागच पडतो, त्यामुळं थोडा फरक समजून घ्यावा. पण कोणत्या तारखेचा दर, हे लिहून घ्या. मोठ्या कंपन्यांत आज ठेव भरून उरलेली रक्कम जहाज सुटायच्या अडीच-तीन महिने आधी द्यायची असते. मधल्या काळात डॉलर वर गेला तर फरक तुमचा. खाली आला तर त्याविषयी कुणी बोलत नाही.

सहल रद्द झाली तर काय? जहाज सुटायची तारीख जवळ आली की भाडं हळूहळू बुडतं आणि शेवटच्या दिवसांत पूर्ण बुडतं. पण बंदराचे कर बहुतेक कंपन्या परत देतात, कारण तुम्ही चढलाच नाहीत, तर तुमच्या डोक्याचा कर कंपनीनं कुणाला भरला? हे पैसे एजंटाकडं येतात, पण तो ते आपणहून सांगेलच असं नाही. त्याचं स्वतःचं सेवाशुल्क परत मिळत नाही, ती मोंढ्यातली तोलाई समजा. माल परत नेला तरी काटा झालेलाच असतो.

चढल्यावरचा हिशोब वेगळा. जहाजावर रोकड चालत नाही. एक कार्ड देतात, त्यावर सगळं चढतं. बुफेतला चहा फुकट, पण दहा पावलांवरच्या कॅफेतला चहा डॉलरमध्ये आणि वर 18 किंवा 20 टक्के सर्व्हिस चार्ज. दोन्ही चहांत साखर कमीच असते. शेवटच्या रात्री दाराला बिल लावतात. ते सकाळी रांगेत उभं राहून नाही, रात्रीच वाचायचं; न घेतलेली बाटली उतरायच्या आधीच कमी करून घेता येते.

कोटेशनच्या अगदी शेवटी एक ओळ असते: ‘घर ते बंदर स्वखर्चानं’. कंपनीच्या दृष्टीनं ही किरकोळ बाब. परभणी किंवा नांदेडच्या माणसाला तो एक स्वतंत्र प्रवास असतो. रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस धरून सकाळी मुंबईत उतरायचं, पुढं विमान असेल तर विमानतळ, नाहीतर टॅक्सीनं बॅलार्ड पिअर. आणि 22,000 बंदर-कर मुकाट्यानं भरून आलेला आपला माणूस तिथं सीएसएमटीच्या फलाटावर, तीन बॅगांचे 200 रुपये मागणाऱ्या हमालाशी वीस मिनिटं हुज्जत घालतो. 150 वर तोडतो. आणि बायकोला म्हणतो, “बघितलंस? ह्यांना रेट विचारूनच द्यावं लागतं.”