बेचाळीस किलोमीटर म्हणजे दिवा

डोंबिवलीत, ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्याला लागून एक हार्डवेअरचं दुकान आहे. रविवारी ते बंद असतं, म्हणून त्याची पायरी आमची. परवाचा विषय पक्याच्या अंगठ्याने ठरवला. त्याने चप्पल काढली आणि ते काळंनिळं नख सगळ्यांच्या कटिंग चहासमोर आलं.

"दारात सापडलं का रे?" बापूंनी विचारलं.

"28 किलोमीटर पळालो आज. पुढच्या रविवारी 32. मग कमी करत आणायचं, थेट जानेवारीचा तिसरा रविवार, मुंबई मॅरेथॉन."

बापू मोटरमन म्हणून रिटायर झालेत. जगातलं कुठलंही अंतर ते सीएसएमटी स्टेशनपासून मोजतात. "फुल मॅरेथॉन म्हणजे नक्की किती?"

"42.195."

"मुंब्रा 40, दिवा 43. म्हणजे चार महिने पहाटे चारला उठून तू पोचणार कुठे, तर दिव्याच्या अलीकडे. आणि दिव्याला गर्दीमुळे पुढच्या गाडीत चढता येत नाही!"

पक्या हसला नाही. सध्या तो कशालाच हसत नाही, कारण रात्री सव्वानऊला झोपतो. फोर्टात नोकरी, सकाळी 7:40 ला घर सोडायचं, रात्री साडेआठला परत. त्यात आठवड्याला 50 किलोमीटर. मला पळण्यातलं काही कळत नाही, पण माणसाचा उत्साह बघून कौतुक वाटायचं. वाटायचं असं म्हणतोय, कारण वैदेहीने तोंड उघडलं.

तिने साधाच प्रश्न विचारला. "आठवड्याला किती तास जातात?"

"किलोमीटरला सात मिनिटं धर. 350 मिनिटं. सहा ताससुद्धा नाहीत. आणि सगळे उठायच्या आत मी घरी असतो. कुणाचं काय घेतलं मी?"

"सव्वानऊला झोपतोस तेव्हा टीव्ही कोण बंद करतं? पोरांचा अभ्यास कोण घेतं? रविवारी सव्वातीन तास पळून आलास की दुपारी तीन तास आडवा. तेव्हा पोरांना 'हळू बोला' कोण सांगतं? तुझं घड्याळ फक्त तुझे किलोमीटर मोजतं रे."

पक्याकडे उत्तर तयार होतं. या पळणाऱ्या लोकांकडे एक जपानी माणूस तयारच असतो. युकी कावाउची. तेव्हा सायतामातल्या एका सरकारी शाळेच्या ऑफिसात पूर्ण वेळ नोकरी, ना कंपनीचा संघ, ना पगारी कोच. आणि 2018 ला बोस्टन मॅरेथॉन जिंकला, अंगावर पाऊस, समोरून वारा, हाडं गोठवणारी थंडी, 2 तास 15 मिनिटं 58 सेकंद. "नोकरी सांभाळून! मग माझंच काय चुकतं?"

मला हे पटलं होतं, खरं सांगतो. पण वैदेही म्हणाली, "त्याची शाळा दुपारी सुरू होऊन रात्री सुटायची. सकाळ मोकळी. तुला सकाळी लोकल आहे. त्याच्यासारखं पळायचं तर आधी त्याच्यासारखी शिफ्ट आण."

बापूंनी मान डोलावली. शिफ्ट हा शब्द त्यांना लगेच कळतो.

आता वैदेहीबद्दल सांगायला हवं, नाहीतर ती नुसतीच टोचून बोलणारी वाटेल. ती स्वतः हाफ मॅरेथॉन पळते. ठाण्याला बँकेत आहे. पहाटे पाचला अंधारात रस्त्यावर एकटीने पळायचं तर कुत्री, रिकामे रस्ते आणि बाकी जे काही असतं ते. म्हणून ती सोसायटीतच फेऱ्या मारते. एक फेरी 280 मीटर. दहा किलोमीटरला 36. वॉचमन खुर्चीत बसून मोजतो आणि मधूनच ओरडतो, "मॅडम, बत्तीस हो गया!" खाली उतरायच्या आधी तिने रात्री मळलेली कणीक फ्रिजमधून बाहेर काढलेली असते, कुकर लावलेला असतो. शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचं काम नवऱ्याकडे. तेवढंच.

"हा पळतो तेव्हा घर त्याची सकाळ उरकतं," ती म्हणाली. "मी पळते तेव्हा घराची सकाळ उरकून जाते. दोघांनाही लोक 'कसं जमवता हो' विचारतात. मला तर 'घरी चालतं का' असंही विचारतात."

यावर पक्या गप्प बसला असता तर बरं झालं असतं. पण तो चिडला. ऑफिसात बॉस, घरी ईएमआय, लोकलमध्ये एका पायावर उभं, त्यात पहाटेचा तासभर हीच काय ती आपली जागा, ती पण हिशेबाला लावता? गेल्या वर्षी डॉक्टरांनी बीपीची गोळी सुरू करायचं म्हटलं होतं, आता रीडिंग बरं येतं, ते कुणी बघत नाही. शिवाय एकदा तरी सी लिंक पायाखाली घालायचाय. एरवी तिथे पायी सोडतच नाहीत.

हे खोटं नव्हतं. मलाही वाईट वाटलं. पण या स्पर्धेची गोम अशी की सोळा-अठरा आठवडे मागे मोजले की सुरुवात सप्टेंबरच्या मध्यावर येते. मग त्यात नवरात्र, दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नं, पोरांची गॅदरिंग, सगळं बसतं. दिवाळीत आम्ही फडके रोडवर झब्बे घालून मिरवत होतो आणि हा हाफ पँटीत, कमरेला बाटल्यांचा पट्टा लावून गर्दीतून "साइड, साइड" करत गेला. घरी अभ्यंगस्नानाचं पाणी दोनदा तापवलं म्हणे.

"मधला मार्ग काढा," मी म्हणालो. कट्ट्यावर माझं एवढंच काम असतं. "पुढच्या रविवारी 32 नाहीच केले तर?"

"वेडा आहेस का? तीस किलोमीटरनंतर अंगातली साखर संपते, पाय शिसं होतात. भिंत म्हणतात तिला. वर परतीला पेडर रोडचा चढ. त्याची सवय नको?" मग आवाज खाली आणून, "पण पुढच्या रविवारी मेहुणीचा साखरपुडा आहे. बदलापूरला. सकाळी दहाला."

क्षणभर कुणी बोललं नाही. मग बापूंनी हिशेब केला. "बदलापूर 68, डोंबिवली 48. वीस किलोमीटर. पळतच जा की! तिकिटाचे पैसे वाचतील."

ही गंमत होती, पण पक्याचे डोळे चमकले. चारला निघायचं, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ करत सातच्या आत बदलापूर. तिथेच बारा किलोमीटर आणखी फिरायचं, सासऱ्यांकडे आंघोळ, झब्बा, हजर! त्याने तिथल्या तिथे बायकोला, प्राचीला फोन लावला, तोही स्पीकरवर.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "म्हणजे दोन पोरं, ओटीचं सामान आणि साड्यांची पिशवी घेऊन मी एकटीने गाडीत चढायचं. आणि परतीला मेगाब्लॉक. असंच ना?"

पक्याने स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावून इलेक्ट्रिकच्या डीपीपर्यंत चालत गेला. आम्ही तिकडे न बघितल्यासारखं केलं. बापूंनी दुसरी कटिंग सांगितली.

पाच मिनिटांनी आला. "ठरलं. शनिवारी पहाटे 32 मारतो. रविवारी सगळे एकत्र गाडीने."

"शनिवारी ऑफिस आहे ना तुला?"

"रजा टाकतो."

वैदेहीने ग्लास खाली ठेवला. "परवा साखरपुड्याच्या खरेदीला प्राचीने बोलावलं तेव्हा तुझी एकही रजा शिल्लक नव्हती ना रे?"

पक्या चप्पल शोधायला लागला. अंगठा आत जाईना. चहाचे पैसे मात्र त्यानेच दिले, सगळ्यांचे.