आधी स्क्रीन की आधी करवत?

कट्ट्यावरचा वाद वेळापत्रकावरून पेटला. हायस्कूलच्या मुलांना डिझाइन, बांधकाम आणि मीडिया हे तिन्ही शिकवायचे, तर वर्षाची सुरुवात कशाने करायची? सुनीलचं मत ठाम होतं: पहिले तीन महिने कॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढणं. स्क्रीनवर चुकलं तर मागे जाता येतं, एक फळीही वाया जात नाही, आणि मुलांचा हात तिथे आधीच बसलेला असतो.

"म्हणूनच नको," अण्णा म्हणाले. "२४०० मिमीची फळी घे आणि स्क्रीनवर ६०० चे चार तुकडे पाड. बरोब्बर बसतात. आता कापून दाखव."

कापायला गेलं की गणित फिरतं. चार तुकड्यांना तीन काप लागतात आणि टेबल-सॉचं (टेबलात बसवलेल्या यांत्रिक करवतीचं) पातं दर कापाला साधारण ३ मिमी खातं. म्हणजे ९ मिमी भुशात गेले. प्रत्येक तुकडा ६०० मोजून घेत गेलात तर शेवटचा ५९१ चा उरतो. आधीच सगळ्या रेघा मारून पातं रेघेच्या मधोमध चालवलं तर कडेचे दोन ५९८.५ चे आणि मधले दोन ५९७ चे निघतात. चारांतला एकही ६०० चा नाही. अशा फळ्यांची मांडणी जोडायला घेतली की ती डुगडुगते आणि मुलं स्क्रूला दोष देतात. रेघेच्या कुठल्या बाजूला पातं लावायचं, हे फुलीने दाखवायची सवय पहिल्याच आठवड्यात लागायला हवी. फुली नेहमी टाकाऊ बाजूला.

सुनील मागे हटला नाही. "कटिंग प्लॅनमध्ये पात्याची जाडी टाकायची सोय असते, अण्णा."

"असते. पण ती टाकायची असते हे कळायला आधी ५९१ चा तुकडा हातात यावा लागतो."

प्लायच्या जाडीवर मात्र सुनीलचा मुद्दा सगळ्यांना पटला. १८ मिमी म्हणून आलेला प्लाय खरंच १८ चा असेल असं नाही. कधी १७.५ भरतो, कधी थोडा जास्त. १८ ची खाच काढून ठेवली की एका वेळी फळी सैल हलते, दुसऱ्या वेळी ठोकूनही आत जात नाही. त्यामुळे पहिलं काम व्हर्नियरचं, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या साधनाचं: शीट तीन-चार ठिकाणी मोजायचं. मग कॅडमध्ये प्रत्येक खाचेला आकडा न लिहिता 'जाडी' नावाचं एकच माप ठेवायचं आणि सगळ्या खाचा त्याला बांधायच्या. नवं शीट आलं की एक आकडा बदलायचा, सगळ्या खाचा आपोआप बदलतात. हे कागदावर करायचं तर अख्खं ड्रॉइंग पुन्हा काढावं लागेल. कॅड शिकवण्याचं खरं कारण हे आहे; सुंदर रेंडर (खऱ्यासारखं दिसणारं चित्र) हे नाही.

मापं कशी लिहायची यावर दोघांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. एका ओळीत पाच छिद्रं १००-१०० मिमीवर पाडायची असतील आणि प्रत्येक माप मागच्या छिद्रापासून घेतलं, तर दर वेळच्या १ मिमीच्या चुका साठत जाऊन पाचवं छिद्र ५ मिमीपर्यंत सरकू शकतं. सगळी मापं एकाच कडेपासून दिली (१००, २००, ३००, ४००, ५००) तर प्रत्येक छिद्राची चूक त्याच्यापुरतीच राहते. ड्रॉइंगवर ती कड ठळक करायची आणि फळीवरही तिथेच खूण करायची.

जोडणीबद्दल अण्णा बोलायला लागले की थांबवू नये. प्लायच्या कडेत थेट स्क्रू घातला तर थर उकलतात. ४ मिमीच्या स्क्रूला कडेत साधारण २.५ मिमीचं आधीचं छिद्र हवं, १८ च्या प्लायमध्ये काठापासून ९ वर, म्हणजे ऐन मध्यावर. आणि वरच्या फळीत ४.५ चं, म्हणजे स्क्रू तिथे मोकळा फिरेल. हे दुसरं छिद्र सगळे विसरतात. मग आटे दोन्ही फळ्या धरून बसतात, मध्ये फट राहते आणि कितीही आवळलं तरी ती मिटत नाही. चौकट काटकोनात आहे का हे गुण्यावर (काटकोन तपासायच्या पट्टीवर) सोडायचं नाही, कर्ण मोजायचे. ६०० बाय ८०० च्या चौकटीचे दोन्ही कर्ण १००० यायला हवेत. कमी-जास्त आले तर लांब कर्णाच्या दिशेने क्लॅम्प लावून हळूहळू दाबायचं, पण गोंद ओला असतानाच. तो धरायला लागल्यावर दाबलं तर सांधाच मोडतो.

इतका वेळ गप्प असलेली मेधा इथे बोलली. "गोंद ओला असण्याची ती काही मिनिटं शूट कोण करणार? तुम्ही मीडियाला शेवटचे दोन आठवडे देताय. तोवर दाखवण्यासारखं सगळं होऊन गेलेलं असतं."

तिचं म्हणणं रास्त आहे. शॉट्सची यादी फळी कापायच्या आधी तयार हवी. सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करायचं तर शटर १/५० सेकंद. विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तिथे दिव्यांची लुकलुक त्याने टळते. ६० हर्ट्झ असेल तिथे ३० फ्रेम आणि १/६०. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग जुळवणारी सेटिंग) लॉक करायचा, नाहीतर एकच फळी एका शॉटमध्ये पिवळी, दुसऱ्यात निळी. मशीन चालू असताना बोललेलं काही कामाचं नसतं. निवेदन नंतर, माइक तोंडापासून वीतभर ठेवून, आवाजाची टोकं मीटरवर -१२ डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास राखून. कामाच्या जागी कोणी न बोलता ३० सेकंद नुसता खोलीचा आवाज घ्यायचा, एडिटिंगमध्ये सांधे झाकायला तो लागतोच. सेकंदाला २५ मेगाबिट या दराने तासाभराचं फुटेज सुमारे ११ जीबी होतं, तेव्हा दुसरी प्रत कुठे ठेवायची तेही आधी ठरवायचं.

यावर अण्णांची एकच अट होती, आणि ती सगळ्यांनी मान्य करावी अशीच आहे: कापणाऱ्याच्या हातात कॅमेरा नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, पात्याच्या रेषेत कोणी उभं नाही, जमिनीवर वायर नाही. आणि फिरत्या यंत्रापाशी हातमोजे घालायचे नाहीत. सुरक्षेसाठी म्हणून घातलेला मोजा पात्यात किंवा ड्रिलमध्ये अडकला की हातच आत ओढतो. सुरक्षा-चष्मा हवा, कानाला संरक्षण हवं, बाह्या दुमडलेल्या हव्यात.

मग सुनीलनेच तोड सुचवली. एका गटाने काढलेलं ड्रॉइंग दुसऱ्या गटाने बांधायचं, तोंडी काही सांगायचं नाही. बांधणाऱ्यांना जिथे प्रश्न पडेल तिथे लाल पेनने ड्रॉइंगवर लिहायचं. मूळ गटाने ते वाचून सुधारित प्रत काढायची. तिसऱ्या गटाने शूट करायचं, आणि त्यांच्या फिल्मची कसोटी अशी: आवाज बंद करूनही पाहणाऱ्याला तो सांधा करता आला पाहिजे.

गुण कशाला द्यायचे यावर पुन्हा जुंपली. अण्णांना लाल प्रश्न जितके जास्त तितके गुण कमी हवे होते. मेधाने ते साफ नाकारलं: तसं केलं तर मुलं एकमेकांचे प्रश्न लपवतील. शेवटी गुण सुधारित प्रतीला द्यायचे ठरले, किती प्रश्न सुटले ते पाहून. सुरुवात करवत, व्हर्नियर आणि पेन्सिलने, हे सुनीलनेही मानलं. ती किती आठवडे चालवायची यावर मात्र अण्णा चारावर अडून आहेत आणि सुनील दोनावर.