रिव्ह्यूला उत्तर: सोनोग्राफी नॉर्मल होती, मग दुर्बीण कशाला?

नमस्कार.

वडिलांच्या सिस्टोस्कोपीनंतर, म्हणजे मूत्राशयाच्या दुर्बीण तपासणीनंतर, तुम्ही आमच्या क्लिनिकला एक तारा दिलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लघवीतून रक्त एकदाच गेलं, दुसऱ्या दिवशी आपोआप थांबलं, सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी आम्ही आग्रह धरून दुर्बीण घातली. पूर्ण भूल न देता नुसती जेली लावली. तुम्हाला आत येऊ दिलं नाही. पुढे दोन दिवस त्यांना लघवीला आग होत होती, तर फोनवर ‘पाणी द्या’ एवढंच ऐकायला मिळालं. आणि एवढं करून रिपोर्टमध्ये काहीच निघालं नाही, म्हणजे सगळा खटाटोप बिलासाठी. ‘स्कॅनच्या जमान्यात नळ्या कसल्या घालता?’ असंही शेवटी विचारलंत.

वडिलांच्या फाइलमधलं एक अक्षरही मी इथे लिहिणार नाही, ती त्यांची खासगी बाब आहे. तुम्ही स्वतः जे जाहीर केलंत तेवढ्यालाच धरून बोलतो. आणि खरं सांगायचं तर हे उत्तर फक्त तुमच्यासाठी नाही. उद्या-परवा ही तपासणी ठरलेला एखादा माणूस आत्ता रिव्ह्यू चाळत बसला असेल, तुमचं वाचून त्याने तारीख रद्द करू नये म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आधी तो ‘एकदाच गेलं आणि थांबलं’चा मुद्दा, कारण आमच्याकडे उशिरा पोचणारे बहुतेक रुग्ण याच वाक्यापाशी अडकलेले असतात. मूत्राशयातली गाठ रोज रक्त सोडत नाही. एक दिवस लघवी लाल होते, मग आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने स्वच्छ. मधल्या काळात कुठली गोळी चालू असेल तर श्रेय गोळीला जातं. त्यात दुखत नसेल तर माणूस आणखी निर्धास्त होतो, आणि नेमकं न दुखता गेलेलं रक्तच आम्हाला जास्त खटकतं. बऱ्याच जणांत कारण साधं निघतं: जंतुसंसर्ग, खडा, वाढलेली प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी). पण ते साधं आहे हे बघितल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. तुम्हीच लिहिलंय की वडील साठीच्या पुढचे आहेत आणि सिगारेट सोडून त्यांना बरीच वर्षं झाली. सोडली हे उत्तमच. मात्र मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूर हेच आहे. त्यातली रसायनं रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात, तासन्‌तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहतात. सिगारेट सोडल्यावर धोका कमी होत जातो, पण कधीच न ओढणाऱ्याच्या पातळीवर यायला फार वर्षं लागतात. अशा माणसाला ‘सोनोग्राफी ठीक आहे, घरी जा’ म्हणणं सोपं आहे. मी ते म्हणणार नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनाही हेच लागू: ‘गोळीमुळे गेलं असेल’ म्हणून विषय संपत नाही.

सोनोग्राफी वाईट तपासणी नाही. मूत्रपिंडाची सूज, खडे, प्रोस्टेटचा आकार, मोठी गाठ हे त्यात छान दिसतं. पण घराचा नकाशा बघून भिंतीला कुठे ओल आली आहे ते कळत नाही, तसं आहे. काही मिलिमीटरची गाठ सोनोग्राफीत निसटू शकते, आणि कॅन्सरचा एक प्रकार असा आहे की तो गाठ करतच नाही, अस्तरावर सपाट लालसर चट्ट्यासारखा पसरतो. मूत्रमार्ग तर सोनोग्राफीत नीट दिसतही नाही. सीटी स्कॅन वरचा भाग, म्हणजे मूत्रपिंडं आणि तिथून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या मूत्रवाहिन्या, चांगला दाखवतो, म्हणून तो बऱ्याचदा सोबत सांगितला जातो. दुर्बिणीच्या बदल्यात नाही. लघवीतल्या पेशींची तपासणी असते, पण सौम्य प्रकारच्या गाठी तिच्यात बऱ्याचदा सापडत नाहीत. म्हणजे स्कॅनच्या जमान्यातही अस्तर डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही. पद्धत जुनी आहे हे मात्र खरं. 1879 मध्ये मॅक्सिमिलियन नित्झे यांनी दाखवलेल्या दुर्बिणीच्या टोकाला विजेने तापवलेली प्लॅटिनमची तार होती आणि ती थंड ठेवायला सतत पाणी सोडावं लागायचं. ती ताठ, धातूची नळी. आज आम्ही वापरतो ती वाकणारी, साधारण 5 ते 6 मिलिमीटर जाडीची, टोकाला कॅमेरा असलेली.

आता भुलीबद्दल. तुमचा राग इथे सगळ्यात जास्त दिसतो, आणि वडिलांना त्रास झाला हे तुम्ही लिहिलंत ते मी खोडून काढत नाही. ‘अजिबात कळणार नाही’ असं सांगणाऱ्यावर कुणीच विश्वास ठेवू नये. वाकणाऱ्या दुर्बिणीने नुसतं बघायचं असेल तर जगभर बहुतेक ठिकाणी लिग्नोकेनची जेलीच वापरतात. जेली आत सोडल्यावर काही मिनिटं थांबायचं असतं, लगेच नळी घातली तर तिचा उपयोग नाही. तिने अस्तर बधिर होतं, ताण मात्र जाणवतो. पुरुषांचा मूत्रमार्ग साधारण 18 ते 20 सेंटिमीटर, बायकांचा 4 च्या आसपास, त्यामुळे ही तपासणी पुरुषांना जास्त जड जाते. तीही सगळीच्या सगळी नाही. लघवी रोखून धरणारा स्नायू आणि लगेच पुढची प्रोस्टेट, एवढा टप्पा खरा बोचतो. तिथे माणूस अंग आवळतो आणि स्नायू आणखी घट्ट होतो. म्हणून आम्ही त्या क्षणी ‘लघवी करायचा प्रयत्न करा’ म्हणतो, पायाची बोटं हलवायला सांगतो, आणि सिस्टर सलाईनची पिशवी हाताने दाबते, म्हणजे पाण्याच्या जोराने वाट थोडी उघडते. पिशवी दाबल्याने पुरुषांना दुखणं कमी होतं हे अभ्यासांतही दिसलं आहे. त्यापुढे जाणवते ती लघवीची जोरदार घाई, कारण आम्ही मूत्राशय पाण्याने भरत असतो. आतून बघायचं तर ते फुगवावंच लागतं, घड्या पडलेल्या अस्तरात काय दिसणार?

मग पाठीत इंजेक्शन किंवा पूर्ण भूल का नाही? देतो ना, जिथे गरज असते तिथे: ताठ दुर्बीण वापरायची असेल, तुकडा काढायचा असेल, गाठ खरवडायची असेल, रुग्ण लहान मूल असेल. पण भूल म्हणजे फुकटचा आराम नव्हे. उपाशी राहणं आलं, हृदय-फुप्फुसांची तपासणी आली, पाठीतल्या इंजेक्शननंतर कधीकधी लघवी तुंबून नळी ठेवावी लागते, गुंगीचं औषध दिलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही. पाच-दहा मिनिटांच्या बघण्यासाठी साठीपुढच्या माणसाला मी एवढ्यातून सहसा नेत नाही. तरीही एखाद्याला जेलीवर जमणारच नाही असं वाटत असेल तर त्याने आधी सांगावं, वेगळी सोय करता येते. तपासणी चालू असतानाही ‘थांबा’ म्हणायचा हक्क रुग्णाचाच. संमतीपत्रावर सही केली म्हणजे तो हक्क गेला असं नाही.

आत कोण थांबणार, हेसुद्धा रुग्णच ठरवतो. मुलाला किंवा मुलीला आत घ्यायचं का, हे आम्ही त्यांना एकट्याला विचारतो, आणि ते ‘नको’ म्हणाले तर बाहेर कारण सांगत नाही. याहून जास्त मी इथे बोलणार नाही, तुम्हीही त्यांना खोदून विचारू नका अशी विनंती.

‘काहीच निघालं नाही’ याबद्दल मात्र सविस्तर बोलतो. हे तीन शब्द लिहायच्या आधी काय काय पाहावं लागतं ते सांगतो. मूत्रमार्ग, प्रोस्टेट, मग मूत्राशयाचं तोंड. आत गेल्यावर तळाशी दोन बारीक फटी शोधायच्या, मूत्रवाहिन्या तिथे उघडतात. थोडं थांबलं की त्यातून लघवीची छोटी पिचकारी उडताना दिसते, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. त्यात लाल रंग असेल तर रक्त वरून, मूत्रपिंडाकडून येतंय असा अर्थ. मग चारी भिंती, आणि छत. रुग्ण पाठीवर झोपलेला असल्यामुळे आत शिरलेल्या हवेचा बुडबुडा नेमका छताला जाऊन चिकटतो, तीच आमची खूण. शेवटी दुर्बिणीचं टोक उलटं वळवून मूत्राशयाच्या तोंडाची मागची बाजू बघायची, जी सरळ बघताना दिसत नाही. एवढं सगळं बघून अस्तर स्वच्छ आहे असं ठरलं, तर त्याला मी वाया गेलेली तपासणी म्हणत नाही. गाठ निघाली असती तर पैसे वसूल झाले असं तुम्हाला वाटलं असतं का? मूत्राशयाचा कॅन्सर पहिल्यांदा सापडतो तेव्हा साधारण चारातल्या तिघांत तो वरच्या थरांपुरताच असतो, दुर्बिणीतूनच काढता येतो. स्नायूत शिरल्यावर सापडला तर मूत्राशयच काढायची वेळ येऊ शकते. तो फरक पडतो वेळेवर पाहण्याने.

दोन दिवसांची आग आणि गुलाबी लघवी अपेक्षित असते. ‘पाणी द्या’ हे टाळण्यासाठी दिलेलं उत्तर नाही, लघवी पातळ झाली की आग उतरते आणि मूत्राशय धुतलं जातं. (हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी मात्र आधी विचारावं.) पण त्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारायच्या असा आमच्याकडे नियम आहे: थंडी वाजून ताप आहे का, लघवीत रक्ताच्या गाठी पडतात का, लघवी मोकळी होते का. या तिन्हीचं उत्तर ठीक असेल तरच पाणी आणि साधी वेदनाशामक गोळी. ताप 38 अंश सेल्सिअस म्हणजे 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, गाठी पडू लागल्या, पोट फुगून लघवी अडली, किंवा दोन दिवसांनंतरही आग कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, तर फोनवर वेळ घालवू नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा. दुर्बिणीनंतर काही जणांना जंतुसंसर्ग होतो, तो वेळेत पकडला तर अँटिबायोटिकने आटोक्यात येतो.

ज्यांची तपासणी अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी थोडं. आधी लघवीची तपासणी होते; संसर्ग असेल तर तारीख पुढे ढकलावी लागते, त्याला चालढकल समजू नका. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. नुसतं बघायचं असेल तर बऱ्याचदा ती बंद करावीच लागत नाही, आणि स्टेंट घातलेल्या हृदयरुग्णाने ती परस्पर थांबवणं हे दुर्बिणीपेक्षा कितीतरी धोक्याचं. नुसत्या जेलीवर करायची असेल तर उपाशी राहायची गरज नसते. जेलीतल्या औषधाची किंवा रबराची ॲलर्जी असेल, गरोदरपण असेल, तर सांगा. आणि तपासणी का करायची हे पटलं नसेल तर टेबलावर चढायच्या आधीच विचारा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर खुशाल घ्या.

तारे बदलायला मी सांगत नाही, तो तुमचा अधिकार. एकच सांगणं आहे. आजचा स्वच्छ रिपोर्ट हा आजचा आहे. वडिलांना पुन्हा कधी लाल लघवी झाली, मग ती एकदाच का होईना, तर ‘मागच्या वेळी काही निघालं नव्हतं’ म्हणून थांबू नका. आमच्याकडे यायचं नसेल तर दुसऱ्या यूरॉलॉजिस्टकडे न्या, फक्त सोबत हा रिपोर्ट आणि सोनोग्राफीचे कागद घेऊन जा. तुमच्याकडची प्रत हरवली असेल तर रिसेप्शनवर मागा, मिळेल.