डोळे मिटून एका पायावर? त्या व्हॉट्सॲप मेसेजचा मुद्देसूद प्रतिवाद

‘जिन जी दु ली’ (सोनेरी कोंबडा एका पायावर) या चिनी नावाने एक मेसेज व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतोय, आणि सोलापुरातल्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवरही तो अधूनमधून येऊन पडतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: डोळे मिटा, एक पाय उचला. दहा सेकंद तोल राहिला नाही तर तुमचं शरीर साठ-सत्तरीचं झालंय. रोज एक मिनिट असं उभं राहिलात तर बीपी, शुगर, मानेचे-मणक्याचे विकार बरे होतात, डिमेन्शिया जवळ येत नाही. कारण पायांतून सहा महत्त्वाच्या नाड्या जातात. अलीकडे त्याला एक शेपूटही जोडलंय: दहा सेकंद उभं राहता न येणारा माणूस सात वर्षांत जातो, ब्राझीलमध्ये सिद्ध झालंय.

तोल कमावता येतो, हे यातलं खरं. ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) आणि स्थिर उभं राहण्याचा सराव (चिनी नाव जान ज्वांग) यांनी तो नक्की सुधारतो. पण मेसेजने जी पायरी पहिली म्हणून सांगितलीय ती खरं तर शेवटची आहे, आणि कित्येकांनी ती चढूच नये.

दावा: दहा सेकंद नाही जमले म्हणजे शरीर साठ-सत्तरीचं

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत १८ वर्षांपुढच्या ५४९ निरोगी माणसांना एका पायावर उभं केलं होतं. ४५ सेकंद झाले की घड्याळ बंद. तीन प्रयत्नांची सरासरी काढली, तर डोळे उघडे ठेवून चाळिशीच्या आतले ४३ सेकंद राहिले, साठीतले २७, सत्तरीतले १५. डोळे मिटल्यावर चाळिशीच्या आतल्यांचे सेकंद उरले ९.४, पन्नाशीतल्यांचे ४.८, साठीतल्यांचे २.८.

म्हणजे मेसेजची फूटपट्टी लावली तर तिशीतला धडधाकट माणूसही सरासरीने नापास.

याचं कारण साधं आहे. तोल तीन ठिकाणच्या खबरींवर चालतो: डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव, आणि तळवे-घोटे-सांधे-स्नायूंकडून मेंदूकडे जाणारी जाणीव. डोळे मिटले की एक खबर बंद होते. दोन्ही पाय जमिनीवर असतील तर उरलेल्या दोन खबरींवर भागतं. एका पायावर मात्र आधारच एका तळव्याएवढा उरतो, मग कोवळ्या वयातही झोक जाणारच. ही परीक्षा वय मोजत नाही, परीक्षेचा अवघडपणा मोजते.

दावा: खरी किमया डोळे मिटण्यातच आहे

ताई चीत ‘जिन जी दु ली’ याच नावाची एक मुद्रा आहे. १९५६ साली चीनमध्ये बसवलेल्या २४ हालचालींच्या संचात ती खाली बसून वर येण्याच्या हालचालीला जोडून, सोळाव्या आणि सतराव्या क्रमांकावर येते. आधीच्या पंधरा हालचालींत भार या पायावरून त्या पायावर कितीतरी वेळा जाऊन झालेला असतो. आणि डोळे उघडे असतात, नजर पुढच्या हातावर. सिद्धेश्वर यात्रेतला नंदीध्वज, म्हणजे ती उंच काठी, पेलायचा तर यात्रेआधी सराव असतो. नवख्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून कुणी त्याच्या हातात काठी देत नाही. मेसेजने नेमकं तेच केलंय.

सगळ्यात जास्त धोका शुगरवाल्यांना आहे. बरीच वर्षं शुगर असली की तळव्यांच्या नसा बधिर होत जातात, हळूहळू, त्यामुळे माणसाला पत्ताही लागत नाही. तळव्यांची खबर मंदावली की तो नकळत डोळ्यांवर विसंबून चालू लागतो. अशा माणसाने डोळे मिटले की उरतो एकटा कान. याची एक ओळखीची खूण आहे: बेसिनपुढे वाकून तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, की पुढे झोक जातो आणि हात आपसूक बेसिनची कड पकडतो. असं होत असेल तर एका पायाचा नाद सोडा आणि डॉक्टरांकडून तळव्यांची तपासणी करून घ्या. १० ग्रॅमच्या नायलॉन तंतूने आणि १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने ती पाच मिनिटांत होते. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, त्यात पूर्ण शाकाहारी असाल, तर बी-१२ सुद्धा बघून घ्या. ते कमी पडलं तरी नसांचं हेच होतं, आणि ते भरून काढता येतं.

मग सुरुवात कुठून करायची?

आधी नुसतं उभं राहण्यापासून. दोन पायांत खांद्यांएवढं अंतर, पंजे समांतर. गुडघे वाकवायचे नाहीत, फक्त त्यांचं कुलूप काढायचं, बोटभर सैल. भार टाचेवर, अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीच्या मुळाशी, असा तीन ठिकाणी वाटलेला जाणवला पाहिजे. हनुवटी किंचित आत, खांदे खाली, हात बाजूला सैल. डोळे उघडे किंवा अर्धे मिटलेले. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं, पुढे दर आठवड्याला एक मिनिट वाढवत दहापर्यंत. पाच मिनिटं सहज जमायला लागली की मग हात छातीसमोर गोल धरायचे, कोपरं खांद्यांच्या खाली.

यात बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. पायाची बोटं जमिनीला चिमटे काढायला लागली, तर भार पुढे गेलाय. ढुंगण मागे निघालं असेल किंवा मान पुढे आली असेल. गुडघे आत झुकले की तळव्याची कमान बसते आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्याची आतली बाजू दुखते. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. खांदे कानांकडे चढले तर बहुधा श्वास कोंडलेला असतो. मांड्या थरथरल्या तर घाबरू नका, स्नायू दमल्याची ती खूण आहे. गुडघ्यात कळ आली, बधिरपणा आला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर मात्र तिथेच थांबायचं. गुडघे ताठ ठेवून दीर्घकाळ उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि भोवळ येते. कुलूप काढायचं ते याच्यासाठीही.

इथे मन कशात गुंतवायचं, तर शरीराच्या झुलण्यात. कितीही स्थिर उभे राहा, शरीर घोट्यांवर बारीक झुलतच असतं. तो झोका कुठे जातो, टाचेकडे की बोटांकडे, डावीकडे की उजवीकडे, हे नुसतं टिपत राहायचं. झोका अडवायचा नाही. काही आठवड्यांनी तो लहान असतानाच कळायला लागतो. तोल सुधारला म्हणतात तो बराचसा हाच.

‘आम्ही मागावर आठ-आठ तास उभेच असतो, आम्हाला काय शिकवता?’ असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, पण मागावरचं उभं राहणं वेगळं. तिथे लक्ष धाग्यावर असतं, गुडघे ताठ, भार सवयीने एकाच पायावर, आणि घोटा तासन्‌तास एकाच कोनात. पाय दमतात, पण खबर देणं शिकत नाहीत. विड्या वळणाऱ्या बायकांचं उलटं. मांडी घालून तासन्‌तास बसलेलं अंग उठतं तेव्हा पायाला मुंग्या आलेल्या असतात आणि पहिली दोन पावलं बेभरवशाची पडतात. उठण्याआधी पाय लांब करून घोटे दहा वेळा पुढे-मागे हलवायचे, आधार धरून उठायचं आणि लगेच चालू न लागता दहा श्वास तिथेच उभं राहायचं. ज्यांना बीपीची गोळी चालू आहे त्यांनी तर हे कायमच पाळावं.

यापुढची पायरी ताई चीची चाल, आणि आमच्या मते सगळ्या सरावाचा गाभा हाच. २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये कॅनडातल्या वृद्धांच्या निवासांतला एक अभ्यास आला होता. तिथल्या कॅमेऱ्यांनी टिपलेले पडण्याचे ३२७ प्रसंग तपासले, तेव्हा सगळ्यात मोठं कारण निघालं भार चुकीचा सरकणं, ४१ टक्के. अडखळून पडणं २१ टक्के. म्हणजे मुख्य प्रश्न एका पायावर किती वेळ टिकता याचा नाही. या पायावरून त्या पायावर जाताना काय होतं याचा आहे.

चाल अशी. दोन पावलांत वीतभर आडवं अंतर ठेवा. उजवा गुडघा सैल करून सगळा भार उजवीकडे न्या. डावा पाय रिकामा झाला की पुढे ठेवा, आधी टाच, वजन न टाकता. इथे थांबून बघा: शरीर न हलवता हा पाय परत उचलता येतो का? येत असेल तर ते पाऊल. येत नसेल तर तुम्ही त्या पायावर पडलात; पाऊल आखूड करा. मग तळवा टेकवून तीन-चार सेकंदांत भार सावकाश पुढे न्या. पंजा वळवायचा असेल तर आधी भार काढून घ्या. भाराखाली पंजा फिरवला की पीळ गुडघ्यात जातो, आणि ‘ताई चीने गुडघे गेले’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोन्ही पावलं एकाच रेषेत टाकणं. आडवं अंतर गेलं की तोलही गेला.

एक पाय उचलायचा तो यानंतर, ओट्याशी. ओटा जागचा हलत नाही. प्लास्टिकची खुर्ची कलंडते. दोन्ही तळहात ओट्यावर, पाय दोन बोटं वर, दहा सेकंद, प्रत्येक पायाने तीनदा. मग दोन बोटांचा आधार, मग एका बोटाचा, मग हात ओट्यावर अधांतरी. ते जमलं की मान सावकाश डावी-उजवीकडे. त्यानंतर पायाखाली चार घड्यांची सोलापुरी चादर, म्हणजे तळव्याची खबर जरा धूसर होते आणि घोट्याला काम पडतं. चादर सतरंजीवर ठेवा. गुळगुळीत फरशीवर ती सरकते. डोळे मिटायचे ते सगळ्यात शेवटी, तेही दोन्ही पाय जमिनीवर जुळवून, पाठ खोलीच्या कोपऱ्याकडे, पुढ्यात जड खुर्ची.

दावा: रोज एक मिनिट, बीपी-शुगर बरी

सुंठीवाचून खोकला गेला तर कुणाला नको? पण प्रयोगांत माणसं किती वेळ देत होती ते बघा. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चिनी चाचणीत बीपी नुकतंच वाढू लागलेल्या ३४२ जणांनी वर्षभर आठवड्यातून चार दिवस, दर वेळी तासभर व्यायाम केला. ताई ची करणाऱ्यांचं वरचं बीपी सरासरी ७ अंकांनी उतरलं, एरोबिक व्यायाम करणाऱ्यांचं ४.६ ने. चांगला निकाल आहे. पण तो आठवड्याच्या चार तासांचा आहे, आणि त्यात गोळ्या बंद केल्याची कथा नाही. पडण्याबाबतचा पुरावा याहून भक्कम. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत सत्तरीपुढच्या ६७० जणांनी २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा तासभर सराव केला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ताई ची गटात पडण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. मानेचे विकार एका पायावर उभं राहून बरे होणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दावा: सहा नाड्या

नाडीमार्गांची, म्हणजे शरीरातून ऊर्जा वाहणाऱ्या वाटांची, कल्पना चिनी वैद्यकाची आहे. त्यातून शुगर उतरते याला पुरावा नाही. चीनबद्दल सोलापुरात जिव्हाळा आहे, डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच. पण १९३८ साली ते तिकडे गेले ते सर्जन म्हणून. मेसेजमधला ‘दुखेल तो अवयव कमजोर, म्हणून दुखलं तरी चालू ठेवा’ हा सल्ला तर सरळ घातक आहे.

दावा: नाहीतर सात वर्षांत मृत्यू

हा अभ्यास खरा आहे, २०२२ चा. ५१ ते ७५ वयाचे १,७०२ जण. दहा सेकंदांची परीक्षा डोळे उघडे ठेवून, तीन प्रयत्नांची मुभा देऊन घेतली होती. मेसेजने ती मिटल्या डोळ्यांना चिकटवली. पुढच्या सुमारे सात वर्षांत परीक्षा न जमलेल्यांपैकी १७.५ टक्के वारले, जमलेल्यांपैकी ४.६ टक्के. म्हणजे नापास झालेल्यांतलेही शंभरात ८२ हून जास्त हयात होते. शिवाय न जमलेल्यांत शुगरचं प्रमाण तिप्पट होतं. वय आणि आजार हिशेबात धरूनही धोका ८४ टक्के जास्त निघाला, म्हणून ही खूण दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पण ती खूण आहे. पाय उचलायला शिकल्याने आयुष्य वाढतं, असं त्या अभ्यासाने म्हटलेलंच नाही.

दावा: कुठेही, कधीही करा

मोरीत अजिबात नको. ओली शहाबादी आणि एक पाय हे समीकरण वाईट. जेवल्यावर लगेच नको. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो, तेव्हा उरकायचं ते सूर्य वर यायच्या आत आणि आधी पाणी पिऊन. हुतात्मा बागेत किंवा तलावाकाठी करणार असाल तर सपाट जागा निवडा, झाड किंवा कठडा हाताच्या अंतरावर ठेवा. अंगठ्याची स्लीपर घालून करू नका, ती टाचेपासून सुटते. मागे पट्टा असलेली सँडल किंवा पातळ तळाचे बूट घ्या. तळवे बधिर असतील तर अनवाणीही नको, तापलेल्या फरशीचा चटका कळणार नाही. आणि कूस बदलताना, वर बघताना खोली गरगर फिरत असेल तर हा सराव त्याच्यावरचा उपाय नव्हे. कानातले सूक्ष्म खडे जागचे हलले की तसं होतं. ते डोक्याच्या विशिष्ट हालचालींनी कान-नाक-घशाचे डॉक्टर बसवून देतात, पुष्कळदा एक-दोन भेटींत.