पोहे जिंकणाऱ्यानंच द्यायचे

दसऱ्यानंतरच्या रविवारपासून आमच्या डिस्क गोल्फ क्लबात आपसातलं चॅलेंज सुरू करायचं ठरलंय. तारखेवर एकमत आहे, बाकी कशावरच नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर इतका कीस पडलाय की अर्ध्या लोकांनी ग्रुप म्यूट केलाय. म्हणून माझं म्हणणं एकदाच इथे सविस्तर लिहून टाकतो.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: गोल्फच, पण चेंडूऐवजी डिस्क आणि भोकाऐवजी साखळ्या लावलेली लोखंडी बास्केट. कमीत कमी फेकीत डिस्क बास्केटमध्ये घालायची. कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये 1975 साली एड हेड्रिक यांनी या खेळाचं पहिलं कायमस्वरूपी मैदान आखलं. साखळ्यांच्या बास्केटची कल्पनाही त्यांचीच. आमच्या बास्केट मात्र अस्सल नागपुरी आहेत. सायकलच्या जुन्या रिमा, पाइप आणि साखळ्या घेऊन वेल्डिंगवाल्याकडे गेलो, तेव्हा त्यानं सगळं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, कोंबड्या ठेवून राहिले का यात?"

असो. मुद्दा चॅलेंजचा.

एक गट म्हणतो, रीतसर टूर्नामेंट करू. प्रवेश फी, ट्रॉफी, बॅनर. माझा याला सरळ विरोध आहे. आपल्याकडे बॅनर आला की पाहुणे येतात, पाहुण्यांमागून शाल-श्रीफळ येतं, आणि सत्कार आटोपेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं. शिवाय बाद फेरीच्या स्पर्धेत जो नवा आहे तो पहिल्याच सकाळी घरी जातो. वर्षभर ज्यांना 'या हो, खेळा हो' म्हणून बोलावलं, त्यांनाच साडेसातला मोकळं करायचं?

त्यापेक्षा शिडी करू. प्रत्येकाच्या बॅगेला नंबराचा एक बिल्ला. आपल्या वरच्या दोन नंबरांपर्यंत कुणालाही आव्हान द्यायचं, खालचा जिंकला तर बिल्ल्यांची अदलाबदल. आव्हान आलं की पंधरा दिवसांत खेळायचं, नाहीतर बिल्ला द्यायचा. हे कलम एक नंबरवाल्यासाठी खास आहे. वर पोचल्यावर माणसाला अचानक लग्नकार्यं फार निघतात. त्याच जोडीचा लगेच दुसरा सामना नको. मध्ये दोघांनीही एकेक वेगळा गडी खेळायचा. नाहीतर दोन मित्र आपसातच बिल्ले फिरवत बसतील आणि बाकीचे सावलीत बसून बघतील. जागतिक संघटनेत, म्हणजे पीडीजीएत, प्रत्येक सभासदाला नंबर मिळतो. हेड्रिक यांचा नंबर 001 होता आणि तो कायमचा त्यांचाच. आमच्याकडे मात्र कुणाचाच नंबर पक्का नसावा, हीच तर गंमत आहे.

खरं भांडण आहे ते हॅंडिकॅपवरून, म्हणजे कमकुवत खेळाडूला द्यायच्या फेकींच्या सवलतीवरून. आमचे एक जोरदार खेळाडू म्हणाले, "आम्ही सकाळ-सकाळ घाम गाळून शिकलो, आता फुकटच्या फेकी वाटायच्या का?" त्यांच्याबद्दल आदर आहे, पण हे काही पटलं नाही. हॅंडिकॅप म्हणजे दानधर्म नव्हे. तो नसेल तर नऊ बास्केटमध्ये सरासरी 28 फेकी लागणारा आणि 36 लागणारी यांच्यात सामना होतच नाही, फक्त हजेरी लागते. दोघांनाही कंटाळा.

माझा हिशोब असा. दोघांच्या सरासरीतला फरक 8, त्याचा पाऊणपट 6. म्हणजे सगळ्यात अवघड सहा बास्केटवर कमकुवत खेळाडूला एकेक फेक सूट. पूर्ण आठ द्यायच्या नाहीत, कारण मग चांगलं खेळायला शिकण्यात अर्थच उरत नाही. आणि सरासरी काढताना शेवटच्या पाच फेऱ्यांतल्या चांगल्या तीनच धरायच्या. मुद्दाम गचाळ खेळून सरासरी वाढवणारे महाभाग प्रत्येक क्लबात असतात, आपल्याकडे नसतील असं समजायचं कारण नाही.

एकूण फेकी मोजण्याऐवजी बास्केटगणिक निकाल लावावा, असंही मी म्हणेन. एकूण फेकींच्या हिशोबात एखाद्या बास्केटवर नऊ गेल्या की नवा माणूस तिथेच मनातून हरतो. बास्केटगणिक खेळलं तर ती एक बास्केट गेली, पुढची पुन्हा शून्यापासून.

मागच्या हिवाळ्यात आम्ही असाच एक सामना करून पाहिला होता. एका बाजूला इंजिनिअरिंगचा पोरगा, दुसऱ्या बाजूला साठीच्या काकू. हिंगणा रोडकडच्या ज्या रानात आम्ही खेळतो तिथे एका बास्केटच्या डाव्या अंगाला बाभळींची रांग आहे. पोराकडे नवाकोरा ड्रायव्हर, म्हणजे पातळ कडेची, वेगानं जाणारी डिस्क. त्यानं जीव खाऊन बॅकहॅंड मारला. डिस्क सुसाट गेली आणि शेवटी वेग मेल्यावर डावीकडे वळून थेट काट्यांत. उजव्या हातानं बॅकहॅंड मारला की असल्या डिस्कचा शेवट डावीकडेच असतो, पण हे सांगितलेलं त्या वयात ऐकू येत नाही. काकूंच्या हातात जाड कडेचा पुटर, तो हळू पण सरळ जातो. त्यांनी दोन टप्प्यांत बास्केटसमोर आणला आणि तिसऱ्या फेकीत साखळ्या वाजवल्या. पोरगा तेव्हा बाभळीखाली ओणवा होऊन शर्टातले काटे काढत होता. काकू म्हणाल्या, "तुही डिस्क लय दूर जाते बाप्पा, पण कुठं जाते ते तिलेच मालूम." त्या बास्केटवर त्यांना सूट होती, पण तिची गरजच पडली नाही. सामना शेवटी पोरानं जिंकला, तोही शेवटच्या बास्केटवर. मला असे सामने हवे आहेत.

अजून एक: दोघांनीच जाऊन खेळायचं नाही, बरोबर तिसरा हवाच. या खेळात पंच नसतो, गटातले खेळाडूच निर्णय देतात. दोघांतच वाद झाला तर बहुमत कुठून आणणार? अधिकृत स्पर्धांतही निष्पक्षपणासाठी शक्यतो तीनपेक्षा कमी लोकांचा गट करत नाहीत. दहा मीटरच्या आतून पुट करताना, म्हणजे जवळून बास्केटमध्ये फेकताना, डिस्क सोडल्यावर तोल सावरून मगच पुढे पाऊल टाकायचं असतं. चुरस वाढली की हे सगळ्यात आधी सुटतं, आणि समोरच्यानं टोकलं की ते भांडण वाटतं. तिसऱ्यानं टोकलं तर नियम वाटतो. बास्केटच्या डोक्यावर जाऊन बसलेली डिस्क धरायची नाही, हे मात्र सगळ्यांना माहीत आहे, तरी दर वेळी कुणीतरी आशेनं विचारतंच.

फिरायला येणाऱ्यांवर हातवारे करून ओरडायचं नाही. रान आपल्या मालकीचं नाही. माणूस पुढे गेला की मग फेकायचं, चॅलेंज असलं तरी.

आता पोह्यांचं. 'हरेल तो तर्री-पोहे देईल' असा प्रस्ताव आलाय आणि त्याला अंगठ्यांचा पाऊस पडलाय. जरा विचार करा राजेहो. जास्त कोण हरणार? जो नवा आहे, तो. म्हणजे कॉलेजातल्या पोरानं दर रविवारी नोकरदारांना पोहे खाऊ घालायचे, आणि वर तर्री जास्त घे म्हणून ऐकायचं? चार रविवारांत तो यायचा बंद होईल. बिल्ला ज्याच्या बॅगेला लागला, खिशात हात त्यानं घालावा. वर चढायचंय ना, मग चढाईचा खर्चही करा.

सगळं होळीच्या आत आटोपायचं. मार्चनंतर आपल्या गावात आठ वाजता मैदानावर उभं राहणं म्हणजे हौस नाही, शिक्षा आहे, आणि बंद गाडीत ठेवलेल्या डिस्कांचे द्रोण होतात ते वेगळंच. ज्यांना हे मान्य आहे त्यांनी खाली नाव लिहा. ज्यांना मान्य नाही त्यांनीही नाव लिहा, वाद मैदानावर घालू. सुरुवातीचे नंबर चिठ्ठ्या टाकून द्यायचे, जोरदार खेळाडूंनी आतापासून फोन करू नयेत.